विश्वेश्वरय्या व इंजिनियराची खुर्ची

आगगाडी १८५३ साली ठाण्यास व पुढील वर्षी कल्याणास आली. पण त्या रस्त्याचे मुख्य इंजिनियर बर्कलेसाहेब विलायतेचे. आमच्या वाट्यास मक्ता आणि माती! १८५४ सालीच पुण्यास इंजिनियरीचा वर्ग निघाला खरा, परंतु तो बांधकाम खात्यास हाताखालची माणसे पुरविण्याकरिता. त्याच वर्गाचे पुढे कॉलेज झाले, आणि तेथून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पहिले आले. शिकवण्या करून शिकलेले, म्हैसूरच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास आलेले हे गृहस्थ १८८४ साली नाशिकास असिस्टंट इंजिनियर झाले. पाणी चढताच आपोआप उघडणारे व उतरताच मिटणारे दरवाजे त्यांनी १९०३ साली खडकवासल्यास बसविले. धरणाची उंची न वाढविता पाण्याचा साठा वाढला. तथापि मुख्य इंजिनियराची खुर्ची गोऱ्यांकरिता राखल्यासारखीच होती. १९०८ साली त्यांनी नोकरी सोडली. यास कोणी रुसवा म्हणेल. आम्ही हिशेब म्हणतो. पुढच्याच वर्षी म्हैसूरने त्यांस तेच पद दिले, १९१२ साली दिवाणगिरीही. १९१७ साली त्यांनी बंगळुरास इंजिनियरिंग कॉलेज काढविले. तोवर तेथील मुलांस त्यांच्याप्रमाणेच पुणे नाहीतर मद्रास गाठावे लागे.