विश्लेषण : देवाचे चित्र घरोघरी नेणारा ड्यूरर कोण होता?

चर्चच्या भिंतीवरचे देवाचे चित्र सामान्यांच्या घरात पोहोचले ते छपाईमुळे. या छापील चित्रांना कलेची प्रतिष्ठा मिळवून देण्यात जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचा मोठा वाटा आहे.

सोनाराचा मुलगा चित्रांकडे कसा वळला?
ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ रोजी न्युरेम्बर्ग येथे झाला. वडील सोनार. धातूवर कोरीवकाम करण्याचे पहिले धडे त्याने त्यांच्याकडेच घेतले. १४८६ मध्ये तो चित्रकार मिखाएल वोल्गेमुट यांच्याकडे उमेदवारीला लागला. त्याचे धर्मपिता आंतोन कोबर्गर हे शहरातील बडे मुद्रक होते.

ही चित्रे कशी छापली जात?
लाकडी ठशात रेषा उंच ठेवून बाकीचा भाग कोरून काढतात. तांब्याच्या पत्र्यावर उलटे. रेषाच खोल कोरायची, खाचेत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद पत्र्यावर ठेवून रुळांमधून दाबायचा. त्यामुळे रेषा केसासारखी बारीक उमटते. १५१४ मधील संत जेरोमच्या चित्रात खोलीत आलेले ऊनही ड्यूररने केवळ रेषांनी दाखवले.

उत्पन्न कुठून येई?
१४९८ मध्ये त्याने जगाच्या अंताचे वर्णन करणारा बायबलमधील भाग १५ मोठ्या लाकडी ठशांसह स्वतःच प्रसिद्ध केला. त्यासाठी राजाची किंवा चर्चची मागणी नव्हती. त्याची पत्नी आग्नेस जत्रा-बाजारांत चित्रे विकत असे.

नक्कल कशी रोखली?
'ए'च्या कमानीखाली 'डी' ही त्याची खूण. इटलीतील मार्कांतोनियो रायमोंडी याने चित्रांसह ती खूणही उतरवली. इतिहासकार वसारीच्या लिखाणानुसार, ड्यूररने व्हेनिसमध्ये दाद मागितली. पण बंदी आली ती फक्त खूण वापरण्यावर. चित्राची नक्कल सुरूच राहिली. १५११ मधील पुस्तकांत त्याने सम्राटाच्या हुकमाचा हवाला देऊन नकलाकारांना ताकीद छापली.

भारताशी संबंध काय?
ड्यूररचे ६ एप्रिल १५२८ रोजी निधन झाले. त्याची चित्रे मात्र प्रवास करत राहिली. गोव्याहून अकबराच्या दरबारात गेलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी युरोपातील छापील धर्मचित्रे सोबत नेली होती. १६०० च्या सुमारास अबुल हसन या १३ वर्षांच्या मुघल चित्रकाराने ड्यूररच्या १५११ मधील ख्रिस्ताच्या क्रूसाच्या चित्रातून संत योहानाची आकृती हुबेहूब रेखाटली. व्हेनिसमध्ये जी नक्कल तक्रारीचा विषय ठरली, तीच मुघल चित्रशाळेत शिकण्याची रीत होती. ते रेखाचित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.