आगरकर : उघडपणे नास्तिक असण्याची किंमत

आमच्या वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मुलाने प्रश्न विचारला. कॉलेजात मित्रांनी त्याला नास्तिक म्हणून चिडवले होते. त्याने गणपतीची वर्गणी दिली होती, पण आरतीला उभा राहिला नव्हता, एवढेच निमित्त. घरी सांगितले तर आईने समजावले, की मनात काही असू दे, चारचौघांत बोलायचे नाही; उद्या नोकरी, भाड्याची खोली, सगळीकडे तेच आडवे येते. मुलाला एवढेच जाणून घ्यायचे होते, की देव न मानणे ही लपवून ठेवायची गोष्ट आहे का?

त्याच्या आईला भित्री म्हणणे सोपे आहे. पण ती ज्या शहरात राहते त्या कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्याआधी दीड वर्षापूर्वी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. त्या आईची भीती हवेतून आलेली नाही. म्हणून त्या मुलाला घाईने उत्तर न देता गोपाळ गणेश आगरकरांची गोष्ट सांगितली. शाळेच्या पुस्तकात समाजसुधारक म्हणून दोन ओळींत संपणारा हा माणूस महाराष्ट्रात देवाबद्दलचा संशय स्वतःच्या नावाने, छापील पानावर मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी होता. आणि त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा फटका आपल्या कोल्हापूरशी जोडलेला आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू गावी झाला. आज टेंभू म्हटले की आपल्याला उपसा सिंचन योजना आठवते. त्या काळी ते कृष्णाकाठचे एक लहान खेडे होते. जात ब्राह्मण, पण घरात दारिद्र्य. शिक्षणासाठी या मुलाला नातेवाइकांच्या दारी राहावे लागले. कराडला कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिक्षणाच्या शोधात रत्नागिरीला गेले, मग अकोल्याला. तिथून मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते.

कॉलेजात त्यांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान वाचले. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. समाज हा देवाने घडवलेला नसून माणसांच्या गरजा, भीती आणि सवयी यांतून हळूहळू घडत जातो, हा विचार त्यांना तिथे मिळाला. समाजशास्त्राच्या वर्गात आज आपण जे शिकतो, ते आगरकर दीडशे वर्षांपूर्वी स्वतः शोधून वाचत होते. तिथेच बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री झाली. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाच्या कामाला वाहून घ्यायचे, असे दोघांनी ठरवले. एम.ए. झाल्यावर मुलगा मोठ्या पगारावर जाईल अशी आईची आशा होती. त्यांनी आईला पत्र लिहून कळवले, की पोटापुरत्या पैशात समाधान मानून मी उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांत पहिला पदवीधर झाला आहे, त्यांना हे पत्र त्या आईला किती जड गेले असेल ते वेगळे सांगायला नको.

१८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. पुढच्याच वर्षी आगरकर तिथे आले. जानेवारी १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली आणि केसरीचे पहिले संपादक आगरकर झाले. तेव्हा त्यांचे वय होते २४.

आणि इथे कोल्हापूर येते. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वयाने तरुण, दत्तक आलेले. इंग्रज सरकारने त्यांना वेडे ठरवून कारभारापासून दूर ठेवले होते. दिवाण माधवराव बर्वे यांच्या काळात महाराजांचा छळ होत असल्याच्या बातम्या केसरी आणि मराठात छापल्या गेल्या. पुरावा म्हणून मिळालेली काही पत्रे नंतर बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. तिथे आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा मराठी अनुवाद केला आणि सुटल्यावर तुरुंगातील दिवसांवर पुस्तकही लिहिले. महाराजांचा शेवट मात्र वाईट झाला. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्याखाली असतानाच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यामागून कागलच्या घाटगे घराण्यातून जो मुलगा दत्तक आला, ते आपले राजर्षी शाहू महाराज.

या खटल्यातला एक भाग आपल्या तरुणांनी लक्षात ठेवायला हवा. टिळक आणि आगरकरांना जामीन हवा होता तेव्हा महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. दोघे सुटून आले तेव्हा त्यांच्या सत्कारातही नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधक मंडळी पुढे होती. फुले निर्मिकाला मानत होते. आगरकर पुढे कोणत्याच देवाच्या बाजूने उभे राहिले नाहीत. तरीही एका छत्रपतीच्या बाजूने बोलणाऱ्या तरुणांना मदत करताना फुल्यांनी श्रद्धा किंवा जात तपासली नाही. पुण्याच्या ब्राह्मणी वर्तुळाने ही परतफेड नंतर कितीशी केली, हा प्रश्न मात्र उरतोच.

सुटकेनंतर काम वाढत गेले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. पण मित्रांमध्ये फट पडत होती. टिळकांचे म्हणणे असे, की आधी राजकीय स्वातंत्र्य, सामाजिक सुधारणा नंतर, आणि ती परक्या सरकारच्या कायद्याने तर नकोच. आगरकरांना हे मान्य नव्हते. घरात आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न लावणारा आणि विधवेचे केस कापणारा समाज स्वातंत्र्य घेऊन करणार काय, हा त्यांचा सवाल होता. १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचे नावच सुधारक. इंग्रजी बाजू सुरुवातीला गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत, मराठी आगरकर लिहीत.

सुधारकाचे वेगळेपण समजून घेतले पाहिजे. सुधारणा मागणारे लोक त्याआधीही होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही प्रार्थना समाजाची मंडळी होती. ते ईश्वर मानत आणि विधवाविवाहासारख्या सुधारणेला शास्त्रात आधार शोधत. आगरकरांनी हा शोधच थांबवला. एखादी रूढी माणसाचे भले करते की नाही, ती बुद्धीला पटते की नाही, एवढे पाहायचे. शास्त्रात काय लिहिले आहे याने फरक पडत नाही. त्यापुढे जाऊन त्यांनी देवाच्या कल्पनेचीच चिकित्सा केली. स्वप्ने, मेलेल्या पूर्वजांची भीती, निसर्गाचा धाक यांतून देव कसे जन्माला आले असावेत, हे त्यांनी साध्या मराठीत मांडले. काटेकोर बोलायचे तर ते अज्ञेयवादी होते. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते माणसाला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्या नावाने कोणाचा छळ करू नये, ही त्यांची भूमिका. लोकांनी मात्र त्यांना नास्तिकच ठरवले, आणि तो शिक्का पुसायला ते धावले नाहीत.

नास्तिक हा शब्दही तपासून घ्यावा. आपल्या देशातल्या जुन्या दर्शनांमध्ये वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्या हिशेबाने चार्वाक, जैन आणि बौद्ध हे तिघेही नास्तिक. म्हणजे कॉलेजात त्या मुलाला जी शिवी म्हणून मिळाली, ती खरे तर अडीच हजार वर्षांची ओळख आहे.

किंमत द्यावी लागलीच. संमतिवयाचा कायदा आला तेव्हा वाद पेटला होता. मुलीशी शरीरसंबंधासाठी किमान वय दहावरून बारा करणारा हा कायदा १८९१ मध्ये झाला. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांचा पुतळा करून जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्या घरावरून नेली गेली, असे सांगतात. घरात पत्नी यशोदाबाई होत्या, लहान मुले होती. आगरकरांना दम्याचा जुना आजार होता. तरी पुढचा अंक निघाला, त्याच्या पुढचाही निघाला. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्याची प्रेतयात्रा निघते तोच माणूस शहरातल्या मोठ्या कॉलेजचा प्रमुख असतो, आणि त्या पदासाठी आपली मते गिळत नाही, हे तेव्हाच्या पुण्याने पाहिले.

याच काळात अमेरिकेत रॉबर्ट इंगरसॉल नावाचे वकील गावोगावी व्याख्याने देत होते. ते यादवी युद्धात कर्नल होते, इलिनॉय राज्याचे महाधिवक्ता होते, रिपब्लिकन पक्षाचे गाजलेले वक्ते होते. त्यांना ऐकायला लोक तिकीट काढून येत. पण देव आणि बायबलबद्दल ते उघड बोलत असल्याने निवडणुकीचे राजकारण त्यांना बंद झाले. सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असे अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्यापासून लिहिलेले आहे. तरीही अमेरिकी संसदेच्या एका सदस्याने आपण परमेश्वर मानत नाही असे जाहीर करायला २००७ साल उजाडावे लागले. ते सदस्य म्हणजे कॅलिफोर्नियाचे पीट स्टार्क. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य आणि शेजाऱ्यासमोर वापरता येणारे स्वातंत्र्य यांत केवढे अंतर असते, ते यावरून दिसते. आपल्या घटनेतही सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. पण २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरात फक्त ३३ हजारांच्या आसपास भरले. त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे, तरी आकडा दहा हजारांच्या आतच.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वयाची ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशांची पुरचुंडी उशाशी बांधून ठेवली होती, असे त्यांच्या चरित्रांत येते. केसरीत टिळकांनीच मृत्युलेख लिहिला.

आता आपल्या बाजूने थोडे. आगरकरांच्या कामाला मर्यादा होती आणि ती झाकू नये. त्यांनी जातिभेदाविरुद्ध लिहिले, पण सुधारकाचा मुख्य वाचक पांढरपेशा घरातला होता. केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण हे त्या घरांचे प्रश्न होते. फुल्यांनी १८६८ मध्येच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. आपल्या पूर्वजांसाठी देव हा तत्त्वज्ञानाचा विषय नव्हताच. तो एक बंद दरवाजा होता, अडवलेले पाणी होते. म्हणून देव नाकारायला आपल्याकडे जे कारण होते, ते आगरकरांपाशी नव्हते.

आणखी एक फरक आहे. आगरकर जवळजवळ एकटे होते. त्यांच्यामागे त्यांची जात नव्हती आणि बहुजन समाजापर्यंत ते पोहोचले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांसह जे केले, त्यात नकार होता आणि त्याच्या जोडीला धम्मही होता. जुने देव मानणार नाही, हे बावीस प्रतिज्ञांत सुरुवातीलाच येते. पण पुढे शील, प्रज्ञा आणि करुणेने जगण्याची जबाबदारीही येते. आगरकरांनी एकट्याने वाहिलेले ओझे आपण समाज म्हणून वाहतो. मग आपल्याला ते जड का व्हावे? वस्तीत काम करताना दिसते, की बावीस प्रतिज्ञांची चौकट भिंतीवर असते आणि आजारपणात त्याच घरात गुपचूप गंडा बांधला जातो. याबद्दल कोणाला हिणवण्यात अर्थ नाही. दवाखाना परवडत नाही तिथे गंडा येतो. पण याविषयी आपण आपापसांतही बोलत नाही, हे खरे दुखणे आहे.

त्या मुलाला शेवटी एवढेच सांगितले, की आरतीला उभा राहिला नाहीस यात तू कोणाचा अपमान केला नाहीस. कोणी विचारले तर शांतपणे आपले कारण सांग, कोणाच्या श्रद्धेची टिंगल करू नकोस, आणि कारण सांगता यावे म्हणून वाचत राहा. मात्र धोका नाही असे खोटे आश्वासन त्याला दिले नाही. एकट्याने बोलण्यात धोका असतो. दहा जणांनी एकत्र बोलले की तो कमी होतो, आणि संघटना त्यासाठीच असते.

मित्रांनो, येत्या १७ जूनला आपापल्या विहारात आगरकरांचा एखादा निबंध वाचून त्यावर चर्चा ठेवू या. भाषा जुनी आहे, पण अवघड नाही. आणि फक्त पोरांनी जमू नये, आयांनाही बोलवावे. त्या मुलाच्या आईची भीती खरी आहे, तिच्याशी बोलल्याशिवाय ती जाणार नाही.

जय भीम!