बंद पडलेल्या स्पर्धेची सम्राज्ञी

पॅरिसमधील रोलाँ गारोसच्या लाल मातीवर महिला एकेरीचे अजिंक्यपद मिळवणाऱ्या खेळाडूला जो करंडक दिला जातो, तो सुझान लेंग्लेनच्या नावाचा आहे. त्याच संकुलातील दुसऱ्या मोठ्या कोर्टलाही 1997 पासून तिचेच नाव आहे. त्यामुळे टेनिसची आवड असणाऱ्यांना हे नाव अपरिचित नाही. मात्र विक्रमांची कोष्टके उघडली, की तिच्या नावापुढे ग्रँड स्लॅम एकेरीची केवळ 8 विजेतेपदे दिसतात. त्यांतली 6 विम्बल्डनची आणि 2 फ्रेंच स्पर्धेची. हा आकडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्या स्पर्धेने तिला वयाच्या पंधराव्या वर्षी जगासमोर आणले आणि जी तिने एकेरीत चार वेळा जिंकली, ती जागतिक हार्ड कोर्ट टेनिस स्पर्धा 1923 नंतर बंद पडली आणि तिच्याबरोबर ती विजेतेपदेही हिशेबातून गळाली.

सुझानचा जन्म 24 मे 1899 रोजी पॅरिसमध्ये झाला. तिचे वडील चार्ल्स यांना घोड्यांच्या प्रवासी गाड्यांचा व्यवसाय वारसाहक्काने मिळाला होता. तो विकून ते निश्चिंत आयुष्य जगत होते. उन्हाळ्यात काँपिएन्यजवळच्या खेड्यातले घर आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्रकाठचे नीस, असा कुटुंबाचा शिरस्ता होता. नीसला त्यांच्या घरासमोरच टेनिस क्लब होता. लहानपणापासून दम्याने बेजार असलेल्या मुलीची प्रकृती सुधारावी म्हणून 1910 मध्ये चार्ल्स यांनी तिच्या हाती रॅकेट दिली. प्रकृतीसाठी सुरू झालेला हा खेळ थोड्याच दिवसांत बापाचा ध्यास झाला.

चार्ल्स स्वतः नामवंत खेळाडू नव्हते. परंतु त्यांची नजर तीक्ष्ण होती. त्या काळी स्त्रिया बहुधा मागच्या रेषेवरून संथपणे चेंडू परतवीत. पुरुषांचा खेळ आक्रमक होता. मुलीने पुरुषांसारखे खेळावे आणि पुरुषांशीच सराव करावा, असे चार्ल्स यांनी ठरवले. कोर्टवर ठिकठिकाणी हातरुमाल ठेवून नेमका त्यावरच चेंडू टाकण्याचा सराव ते तिच्याकडून करून घेत. नेम चुकला, की सर्वांदेखत बोलणी खावी लागत. तिच्या खेळातील अचूकपणा या शिस्तीतून आला. तिच्या स्वभावातला ताण, सामन्याआधीची अस्वस्थता आणि वारंवार ढासळणारी प्रकृती यांचे मूळही बऱ्याच अंशी याच शिस्तीत होते.

सुझान घडत असताना टेनिसचे आंतरराष्ट्रीय स्वरूपही आकार घेत होते. फ्रान्सची राष्ट्रीय स्पर्धा 1891 पासून होत असली, तरी ती फ्रेंच क्लबांच्या सदस्यांपुरतीच मर्यादित होती. बाहेरच्या खेळाडूंना तिथे प्रवेश नव्हता. युरोपात बहुतेक सामने मातीच्या कोर्टवर होत. तरीही जगभरातील खेळाडूंसाठी मातीवरची मोठी स्पर्धा नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी 1912 च्या जूनमध्ये पॅरिसजवळ सँ-क्लू येथे स्ताद फ्रान्से क्लबच्या मैदानावर जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा सुरू झाली. नावातील हार्ड कोर्ट या शब्दांनी आजच्या वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. त्या काळी हिरवळ सोडून उघड्यावरच्या टणक कोर्टला सरसकट हार्ड कोर्ट म्हणत. सँ-क्लूची कोर्ट मातीचीच होती.

पहिल्या वर्षी जर्मनीचा ओटो फ्रॉइट्सहाइम आणि फ्रान्सची मार्गरित ब्रोकदी विजेते ठरले. पुढच्या वर्षी, 1913 मध्ये, पॅरिसमध्येच आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची स्थापना झाली. या महासंघाच्या कल्पनेचा पाठपुरावा करणारे ड्युएन विल्यम्स हे अमेरिकी वकील त्याआधीच, एप्रिल 1912 मध्ये, टायटॅनिक जहाजाबरोबर बुडाले होते. महासंघाने तीन अधिकृत जागतिक अजिंक्यपदे ठरवली. हिरवळीवरचे अजिंक्यपद विम्बल्डनला मिळाले, मातीवरचे पॅरिसला आणि तिसरे बंदिस्त कोर्टवरच्या स्पर्धेला. जगज्जेतेपदाचा मान विम्बल्डनला कायमचा देणे अमेरिकेला मान्य नव्हते. ती महासंघाबाहेर राहिली. पुढे हाच वाद सँ-क्लूच्या स्पर्धेला भोवला.

सुझान 1914 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. परंतु ब्रोकदीने तिला तीन सेटमध्ये हरवले. त्यानंतर जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा आली. नुकतीच पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सुझानने अंतिम फेरीत जर्मेन गोल्डिंगला हरवून एकेरीचे विजेतेपद मिळवले. एलिझाबेथ रायनच्या साथीने तिने दुहेरीही जिंकली. राष्ट्रीय विजेती होण्याआधीच ती जागतिक विजेती झाली होती.

पुढच्या दोन महिन्यांतच युरोप महायुद्धात लोटला गेला. सँ-क्लूला 1913 आणि 1914 अशी लागोपाठ दोन वर्षे पुरुष एकेरी जिंकणारा न्यूझीलंडचा अँथनी वाइल्डिंग मे 1915 मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. मोठ्या स्पर्धा थांबल्या. सुझानची पंधरा ते वीस ही उमेदीची वर्षे स्पर्धेविना गेली. ती नीसमध्ये सराव करीत राहिली.

1919 मध्ये ती प्रथमच विम्बल्डनला उतरली. त्याआधी हिरवळीवरच्या खेळाचा तिला फारसा अनुभव नव्हता. अंतिम लढतीत तिची गाठ सात वेळच्या विजेत्या, चाळिशीतल्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स यांच्याशी पडली. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या उपस्थितीत झालेला हा सामना सुझानने दोन मॅचपॉइंट वाचवून 10-8, 4-6, 9-7 असा जिंकला. सामना सुरू असताना ती थकली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांनी तिच्याकडे ब्रँडी पोहोचवली. तिचा पोटरीपर्यंतचा झगा आणि उघडे हात पाहून काही प्रेक्षक हबकले. पण थोड्याच काळात तिची वेशभूषा आणि डोक्याला बांधलेली रेशमी पट्टी यांचे अनुकरण सुरू झाले. पाय झाकणाऱ्या घेरदार झग्यातून तिने महिला टेनिसला मोकळे केले.

त्यानंतरचा काळ एकहाती वर्चस्वाचा होता. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये एकेरीचे सुवर्णपदक मिळवताना तिने संपूर्ण स्पर्धेत अवघे चार गेम गमावले. त्याच वर्षी सँ-क्लूची स्पर्धा पुन्हा सुरू झाली. ती डोरोथी होल्मन हिने जिंकली. पण 1921 मध्ये सुझान मैदानात उतरली आणि तिथून हे विजेतेपद दुसऱ्या कोणाकडे गेले नाही.

त्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती मोला मॅलरी मुद्दाम समुद्र ओलांडून आली होती. सँ-क्लूच्या अंतिम लढतीत सुझानने तिला 6-2, 6-3 असे नमवले. पुरुषांमध्ये अमेरिकेचा बिल टिल्डन विजेता ठरला. दोन महिन्यांनी सुझान अमेरिकेला गेली. समुद्रप्रवासाने आणि खोकल्याने ती हैराण होती. फॉरेस्ट हिल्सला दुसऱ्याच फेरीत तिची गाठ मॅलरीशी पडली. पहिला सेट 2-6 असा गमावल्यावर दुसऱ्याच्या सुरुवातीला तिने सामना सोडला. प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. महायुद्धानंतर हौशी खेळाडू म्हणून एकेरीत तिचा झालेला हा एकमेव पराभव. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत मॅलरीला 6-2, 6-0 असे हरवून तिने त्याची भरपाई केली.

जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा 1922 मध्ये एका वर्षापुरती ब्रुसेल्सला गेली. तिथे सुझानने आपली दुहेरीची जोडीदार एलिझाबेथ रायन हिला 6-3, 6-2 असे पराभूत केले. पुरुषांत आन्री कोशे हा तरुण फ्रेंच खेळाडू विजयी झाला. 1923 मध्ये स्पर्धा सँ-क्लूला परतली. बिल जॉन्स्टन पुरुषांचा विजेता ठरला, तर सुझानने ब्रिटनच्या किटी मकेनला 6-3, 6-3 असे नमवून चौथे विजेतेपद मिळवले. तेच या स्पर्धेतील महिला एकेरीचे शेवटचे विजेतेपद ठरले.

स्पर्धा बंद पडली ती प्रेक्षक किंवा खेळाडू फिरकेनासे झाले म्हणून नव्हे. अमेरिकेला महासंघात आणणे सर्वांनाच आवश्यक वाटत होते. जागतिक अजिंक्यपद हे बिरुदच रद्द करावे, ही अमेरिकेची अट होती. 1923 मध्ये महासंघाने ती मान्य केली. विम्बल्डनने जागतिक हे बिरुद सोडले. तरी त्याची स्पर्धा, मैदान आणि परंपरा शाबूत राहिली. जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धेला मात्र त्या बिरुदापलीकडे अस्तित्वच नव्हते. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या राष्ट्रीय स्पर्धांना अधिकृत दर्जा मिळाला आणि पुढच्या ग्रँड स्लॅमचा पाया घातला गेला.

फ्रान्सने 1925 मध्ये आपली राष्ट्रीय स्पर्धा परदेशी खेळाडूंना खुली केली. ही पहिली खुली स्पर्धा सँ-क्लूच्या त्याच मैदानावर झाली आणि सुझाननेच ती जिंकली. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धीही पुन्हा किटी मकेनच होती. दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर त्याच खेळाडूला हरवून मिळवलेला विजय विस्मरणात गेला. 1925 चा विजय मात्र ग्रँड स्लॅममध्ये मोजला जातो. 1920 ते 1923 या काळातील तिची चार फ्रेंच राष्ट्रीय विजेतेपदेही, ती स्पर्धा खुली नसल्याने, या मोजणीत येत नाहीत. 1924 चे वर्ष तर काविळीने हिरावून नेले. विम्बल्डन तिला अर्ध्यावर सोडावे लागले आणि पॅरिसच्या ऑलिम्पिकलाही ती मुकली.

16 फेब्रुवारी 1926 रोजी कानच्या मातीच्या कोर्टवर तिची अमेरिकेच्या हेलन विल्सशी गाठ पडली. वीस वर्षांची हेलन आणि सव्वीस वर्षांची सुझान यांच्या या एकमेव एकेरी सामन्याची सगळ्या जगाला उत्सुकता होती. तिकिटे चढ्या भावाने विकली गेली. ज्यांना ती मिळाली नाहीत, ते झाडांवर आणि छपरांवर चढले. सुझानने सामना 6-3, 8-6 असा जिंकला. पण ती पार थकून गेली होती.

हौशी टेनिसमधला विरोधाभास या सामन्याने उघडा पडला. सुझान खेळणार म्हटले, की मैदाने भरत. वाढती गर्दी मावेना म्हणून विम्बल्डनने 1922 मध्ये नवे, मोठे मैदान घेतले. त्या गर्दीत तिच्या नावाचा वाटा मोठा होता. परंतु हौशी खेळाडूने बक्षिसाची रक्कम घेणे निषिद्ध होते. पैसा क्लबांना आणि संघटनांना मिळे. खेळाडूच्या वाट्याला करंडक येई.

त्याच वर्षीच्या विम्बल्डनने उरलासुरला दुवाही तोडला. सामन्याच्या बदललेल्या वेळेवरून गैरसमज झाला, सुझान उशिरा पोहोचली आणि राणी मेरी यांना तिष्ठत बसावे लागले. हा राणीचा अवमान समजला गेला. वृत्तपत्रे आणि प्रेक्षक तिच्यावर उलटले. तिने स्पर्धेतून माघार घेतली आणि ती विम्बल्डनमध्ये पुन्हा कधीच खेळली नाही. काही आठवड्यांतच तिने अमेरिकी व्यवस्थापक सी. सी. पाइल याच्याशी 50 हजार डॉलरचा करार केला. त्या काळच्या आघाडीच्या हौशी टेनिसपटूंपैकी उघडपणे व्यावसायिक होणारी ती पहिली होती. ऑक्टोबर 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौरा सुरू झाला. मेरी ब्राउनविरुद्धचे सर्व 38 सामने तिने जिंकले.

खेळाडूंच्या जिवावर संस्था श्रीमंत होतात आणि ज्यांच्या घरी सुबत्ता आहे त्यांनाच हौशी राहणे परवडते, असे तिने आपल्या निर्णयामागचे कारण जाहीरपणे मांडले. त्याची किंमतही तिला मोजावी लागली. विम्बल्डनच्या क्लबने तिचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले आणि हौशी स्पर्धांचे दरवाजे बंद झाले. दौरा संपल्यावर तिच्यासाठी खेळण्याजोगे फारसे काही उरले नाही. 1929 मध्ये वडील वारले. पुढे तिने पॅरिसमध्ये टेनिसचे शिक्षण देण्यास सुरुवात केली आणि अखेरची वर्षे मुलांना शिकवण्यात घालवली. तिच्या या कामाला फ्रेंच टेनिस महासंघाचा पाठिंबाही मिळाला.

1938 च्या जूनमध्ये ती गंभीर आजारी पडली. 2 जुलै रोजी हेलन विल्स मूडीने विम्बल्डनचे आठवे विजेतेपद पटकावले. दोन दिवसांनी, 4 जुलै रोजी, सुझानचे पॅरिसमध्ये निधन झाले. तेव्हा ती 39 वर्षांची होती.

व्यावसायिक खेळाडूंना ग्रँड स्लॅममध्ये खेळण्याची मुभा मिळण्यास तिच्या मृत्यूनंतर आणखी 30 वर्षे जावी लागली. 1968 मध्ये हा बदल स्वीकारणारी पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा होती फ्रेंच, आणि मैदान होते पॅरिसच्या लाल मातीचे. सुझानने जे बोलून दाखवले आणि ज्यासाठी तिला बाहेर काढण्यात आले, तोच खेळाचा नियम झाला. सँ-क्लूची जागतिक स्पर्धा मात्र परत आली नाही. सात वेळा भरलेल्या आणि कागदावरच्या एका तडजोडीत संपलेल्या त्या स्पर्धेचा उल्लेख आता क्वचित होतो. रोलाँ गारोसच्या करंडकावर सुझानचे नाव आहे. पण ज्या चार विजयांनी मातीवरची तिची सत्ता आधी सिद्ध केली, ते त्या आठच्या आकड्याबाहेरच राहिले आहेत.