सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या तुरुंगाची आयडिया काढली, पण जेरेमी बेंथमची अर्धीच गोष्ट जगाने लक्षात ठेवली

जून २०१३. एडवर्ड स्नोडेनने पत्रकारांना दिलेली कागदपत्रं छापून आली आणि जगाला धक्का बसला. अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था कोट्यवधी लोकांच्या फोन कॉलच्या नोंदी गोळा करत होती. बड्या इंटरनेट कंपन्यांकडूनही डेटा घेत होती.

तेव्हा १८१ वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाचं नाव पुन्हा चर्चेत आलं. जेरेमी बेंथम.

बेंथमचा जन्म १७४८ साली लंडनमध्ये झाला. गडी इतका हुशार की १२ व्या वर्षी थेट ऑक्सफर्डला गेला. पुढे वकील झाला, पण वकिली करण्यापेक्षा कायदेच सुधारावेत असं त्याला वाटू लागलं.

१७८६ मध्ये तो रशियन साम्राज्यात भावाकडे गेला. भाऊ सॅम्युअल इंजिनियर. खूप कामगारांवर मोजक्या लोकांनी लक्ष कसं ठेवायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याने एका गोल इमारतीची कल्पना काढली. जेरेमीने ती उचलली आणि तुरुंगाला लावली. नाव दिलं पॅनॉप्टिकॉन.

कडेने गोलाकार कोठड्या, मधोमध मनोरा. मनोऱ्यातल्या माणसाला प्रत्येक कैदी दिसणार, पण कैद्याला तो दिसणार नाही. मग मनोऱ्यात कोणी नसलं तरी चालतं. आपल्याकडे कोणीतरी बघत असेल, या धास्तीनेच कैदी सरळ वागणार. बेड्यांची गरज नाही, पहारेकरीही कमी. बेंथमच्या मते ही माणुसकीची सुधारणा होती.

१७९४ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी कायदाही केला. पण काम रखडत गेलं. बेंथमने पदरचे पैसे घातले, आयुष्यातली वीसेक वर्षं घालवली. शेवटी सरकारने नकार दिला आणि १८१३ मध्ये २३ हजार पौंड भरपाई देऊन विषय संपवला.

तुरुंग झाला नाही, आयडिया मात्र टिकली. १९७५ मध्ये फ्रेंच विचारवंत मिशेल फुको याने आधुनिक समाज समजावण्यासाठी हेच उदाहरण घेतलं. आज मेसेज टाइप करून, कोणी वाचलं तर, या विचाराने आपण तो डिलीट करतो. मनोरा असाच काम करतो.

पण बेंथमच्या योजनेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. त्याचा मनोरा लोकांसाठी खुला असणार होता. कोणीही यावं आणि तुरुंग नीट चाललाय का, ते तपासावं. म्हणजे नजर ठेवणाऱ्यावरही नजर. उतारवयात तर मंत्र्यांची कार्यालयंसुद्धा लोकांच्या नजरेखाली असावीत, असा आराखडा त्याने मांडला.

एनएसएच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. परवानगी देणारं कोर्ट गुप्त, त्याचे आदेश गुप्त आणि आदेश मिळालेल्या फोन कंपनीला त्याबद्दल बोलायलाही बंदी. लोक उघडे पडले, मनोरा मात्र बंदच राहिला.

१८३२ मध्ये बेंथम वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याचा सांगाडा, कपडे घालून आणि मेणाचं डोकं बसवून, जपून ठेवला गेला. तो आजही युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये आहे. २०१५ मध्ये त्या पेटीवर बघायला येणाऱ्यांना टिपणारा कॅमेरा बसवला होता. तो काय टिपतोय, ते मात्र कोणालाही इंटरनेटवर बघता यायचं.