प्रकाशाचा उपासक

उत्तर अटलांटिक महासागरात, स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यान, फेरो नावाची लहान लहान बेटे आहेत. तेथील आकाश बहुधा ढगांनी झाकलेले असते. हिवाळ्यात तर दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ज्या सूर्यापासून आपण सावलीचा आश्रय शोधतो, त्या सूर्याच्या दर्शनासाठी तेथील माणसे आतुर असतात. डेन्मार्कच्या राज्यातील ह्या बेटांवर, टोर्सहाव्न गावी, १५ डिसेंबर १८६० रोजी नील्स रायबर्ग फिन्सेन याचा जन्म झाला. सूर्यप्रकाशाला पारखा असलेल्या भूमीत जन्मलेल्या ह्याच मुलाने पुढे प्रकाशाला रुग्णांच्या सेवेस लावले.

नील्सचे वडील सरकारी अधिकारी होते. तो चार वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. पुढे त्याला शिक्षणासाठी डेन्मार्कमधील एका निवासी शाळेत धाडण्यात आले; परंतु तेथे त्याचे मन रमले नाही. मुलगा मनाने चांगला आहे, पण बुद्धी आणि उत्साह बेताचाच आहे, असा अभिप्राय त्या शाळेच्या प्रमुखांनी दिला. मग वडिलांनी त्याला आइसलंडमधील रेक्याविक येथील शाळेत घातले. १८८२ साली तो तेथील अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा होता. हाच विद्यार्थी पुढे जगाला भूषण होईल, असे त्या वेळी कोणालाही वाटले नसेल.

त्याच वर्षी नील्स वैद्यकाच्या शिक्षणासाठी कोपनहेगन येथे आला. पण वर्ष उलटते न उलटते तोच त्याला एका असाध्य रोगाने गाठले. यकृत आणि हृदय यांना हळूहळू जखडून टाकणारा तो रोग होता. अंगात रक्त कमी, सदैव थकवा आणि राहण्याची खोली उत्तरेकडे तोंड असलेली! त्या खोलीत ऊन मुळीच येत नसे. उन्हात बसले की आपल्याला बरे वाटते, असा फिन्सेन यांचा अनुभव होता. ते असे का होते, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. एकदा खिडकीतून बाहेर पाहत असता, छपरावर ऊन खात पडलेले एक मांजर त्यांच्या दृष्टीस पडले. सावली सरकत जवळ आली की ते मांजर उठे आणि पुन्हा उन्हात जाऊन बसे. दृश्य साधेच होते. परंतु विचार करणाऱ्याला साधी गोष्टही पुरते. प्रकाशाचा जिवंत शरीरावर काहीतरी परिणाम होत असलाच पाहिजे, असे फिन्सेन यांना वाटू लागले.

१८९० साली ते वैद्यकाची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि शरीररचनाशास्त्र शिकवून चरितार्थ चालवू लागले. पहिले प्रयोग त्यांनी स्वतःच्याच शरीरावर केले. आपल्या हातावर काळ्या शाईचा एक रुंद पट्टा काढून त्यांनी तो हात उन्हात धरला. नंतर शाई धुऊन पाहिली, तो पट्ट्याखालची कातडी पांढरी राहिली होती आणि दोन्ही बाजूंची कातडी लाल झाली होती. पुन्हा तोच हात उन्हात धरला, तेव्हा पूर्वी झाकलेली कातडी भाजली. पण आधी ऊन लागलेल्या भागाला फारशी इजा झाली नाही. प्रकाश कातडीत शिरतो, तेथे बदल घडवतो आणि कातडीचा रंग तिचे रक्षण करतो, ही गोष्ट ह्या छोट्या प्रयोगाने स्पष्ट झाली. १८९३ साली फिन्सेन यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या काळी युरोपात त्वचेच्या क्षयाने अनेक माणसे पीडली जात. क्षयाचे जंतू चेहऱ्याच्या कातडीत शिरत आणि नाक, गाल, ओठ हळूहळू कुरतडून टाकीत. अशा रुग्णांना लोकांसमोर तोंड दाखवणेही कठीण होई. ह्या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे इंग्लंडमधील दोन संशोधकांनी १८७७ मध्येच दाखवून दिले होते. ते जर काचेच्या नळीत मरतात, तर माणसाच्या त्वचेत का मरू नयेत, असा विचार फिन्सेन यांनी केला.

परंतु मार्गात अडचणी होत्या. डेन्मार्कचे ऊन दुबळे. म्हणून त्यांनी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये वीज खेळवून झगझगीत प्रकाश देणारा दिवा घेतला. दिव्याच्या उष्णतेने रुग्ण भाजू नये, म्हणून प्रकाश थंड पाण्यातून जाऊ दिला. आणखी एक अडथळा रक्ताचा होता. कानाच्या पाळीमागे छायाचित्राचा कागद ठेवून त्यांनी समोरून प्रकाश टाकला, तेव्हा कागद काळा पडला नाही. पण पाळी दाबून तिच्यातील रक्त दूर केले, तेव्हा कागद लवकर काळवंडला. रक्त प्रकाशाला अडवते, हे यावरून उमगले. मग उपचाराच्या वेळी एक पारदर्शक भिंग त्वचेवर दाबून धरण्याची युक्ती त्यांनी योजली.

नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज कारखान्यात पहिल्या रुग्णावर उपचार सुरू झाले. तो रुग्ण एक अभियंता होता. अनेक वर्षे तो ह्या रोगाने गांजला होता आणि इतर सर्व उपाय थकले होते. रोज तासन् तास त्याच्या गालावर प्रकाश टाकण्यात येई. काही महिन्यांत त्याचा गाल भरून आला. ही वार्ता पसरली. १८९६ साली दानशूर नागरिकांच्या साहाय्याने कोपनहेगनमध्ये प्रकाशोपचाराची संस्था स्थापन झाली. एकाच दिव्याभोवती चार रुग्ण निजत आणि प्रत्येकाजवळ एक परिचारिका तासभर भिंग धरून बसे. पाच-सहा वर्षांत तेथे सुमारे ८०० रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांपैकी बहुतेकांना गुण आला. ज्यांनी वर्षानुवर्षे तोंड झाकून दिवस काढले होते, ते आता उघड्या तोंडाने घरी जाऊ लागले.

१९०३ साली फिन्सेन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हा मान मिळवणारे ते पहिले डॅनिश नागरिक होत. परंतु त्या वेळी ते चाकांच्या खुर्चीला खिळलेले होते. समारंभास जाणे त्यांना शक्य झाले नाही. पारितोषिकाच्या रकमेतील मोठा भाग त्यांनी रुग्णसेवेसाठी दिला. इतक्या दुर्बल अवस्थेतही ते स्वतःच्या आहारातील मीठ आणि पाणी मोजून त्याची टिपणे ठेवीत आणि आपल्या रोगाचा अभ्यास करीत. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्यांची दुखणी दूर करणाऱ्या ह्या वैद्याला स्वतःच्या रोगातून मात्र सुटका मिळाली नाही.

फिन्सेन यांचा उपाय खरा ठरला. मात्र त्याचे कारण त्यांना पुरते ठाऊक नव्हते. प्रकाशकिरण जंतूंना थेट मारतात, असे ते मानीत. २००५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी त्यांच्या जुन्या दिव्यांची आणि भिंगांची पुन्हा परीक्षा केली. तेव्हा असे आढळले की, जंतूंना थेट मारणारे अतिनील किरण त्या भिंगांतून पार जातच नव्हते. क्षयाचे जंतू स्वतःच पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये प्रकाश शोषून त्याची शक्ती जवळच्या प्राणवायूला देतात. असा चेतलेला प्राणवायू जंतूंचे शरीर आतून जाळतो. जंतूंच्या पोटातील रंगच त्यांचा वैरी झाला होता!

रंग आणि प्रकाश यांचे हे सामर्थ्य फिन्सेन यांच्या हयातीतच म्युनिकमधील ऑस्कर राब या विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडले होते. एका रंगाच्या द्रावणातील सूक्ष्म जीव एके दिवशी लवकर मरत, तर दुसऱ्या दिवशी बराच वेळ जगत. फरक केवळ उजेडाचा होता. आज शास्त्रज्ञ वनस्पतींतील रंगद्रव्यांची ह्याच दृष्टीने परीक्षा करीत आहेत. पानांतील हरितद्रव्य हे पॉर्फिरिनच्याच कुळातले. सांगलीच्या बाजारात जिच्या राशी दिसतात, त्या हळदीला पिवळा रंग देणारे कुर्कुमिन हे द्रव्यही निळ्या प्रकाशात जंतूंना मारते, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे निघाल्यावर फिन्सेन यांचे दिवे मागे पडले. पण अनेक जंतू आता औषधांना दाद देईनासे झाले आहेत, म्हणून संशोधकांचे लक्ष पुन्हा प्रकाशाकडे वळले आहे.

वर्गात अकरावा आलेला, आजाराने खचलेला एक तरुण अंधाऱ्या खोलीत बसून उन्हाचा विचार करीत राहिला. त्याने आपल्या दुःखाचे रडगाणे गायिले नाही. त्याचा त्याने प्रश्न केला आणि त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी उभे आयुष्य वेचले. त्याचे उत्तर अपुरे होते; ते पुढच्या पिढ्यांनी पुरे केले. ज्ञानाचा दिवा असाच एका हातातून दुसऱ्या हातात जातो.