जी रायफल कॅनडाच्या सैनिकांनी चिखलात फेकून दिली, त्याच रायफलीने हा आदिवासी गडी पहिल्या महायुद्धातला सगळ्यात घातक स्नायपर झाला

आपल्या मित्रमंडळीत किंवा नात्यात एखादा तरी आता कॅनडात असतोच. कुणी ब्रॅम्प्टनला शिकतोय, कुणी टोरंटोत आयटीत आहे. अशा एखाद्याचा शूटिंग रेंजवर रायफल घेतलेला फोटो इन्स्टावर दिसला की आपल्याला पहिला प्रश्न पडतो, तिकडे बंदूक इतकी सहज मिळते का राव?

तर सहज नाही मिळत.

कॅनडात पहिली रायफल घ्यायची तर आधी लायसन्स काढावं लागतं. त्याचं नाव पझेशन अँड अ‍ॅक्विझिशन लायसन्स, तिकडची लोकं थोडक्यात त्याला पाल म्हणतात. हो, पालच. त्यासाठी आधी सेफ्टी कोर्स करायचा. मग लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, दोन्हीत किमान ८० टक्के. त्यानंतर पोलिसांकडे अर्ज. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन लोकांची नावं द्यायची. घरच्या जोडीदाराला या अर्जाची माहिती असली पाहिजे. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. लायसन्स मिळालं की ते ५ वर्षं चालतं. शिकारीला जायचं असेल तर त्या त्या प्रांताचा शिकारीचा परवाना वेगळा.

एवढं झालं की मग खरा प्रश्न येतो, पहिली रायफल कोणती घ्यायची?

तिथले जुनेजाणते सांगतात, आधी काम ठरव. नुसता नेम शिकायचा असेल तर पॉइंट टू टू, म्हणजे कमी झटक्याची, स्वस्त गोळीची रायफल. हरणाच्या शिकारीला जायचं असेल तर मोठं कॅलिबर. चांगली रायफल आणि वाईट रायफल असं काही नसतं, कामाला योग्य आणि अयोग्य अशा रायफली असतात.

कॅनडाला हा धडा फार महागात शिकावा लागला होता. आणि तो धडा ज्याच्याकडे बघून कळतो त्या माणसाचं नाव आहे फ्रान्सिस पेगामागाबो.

सैन्यातले दोस्त त्याला पेगी म्हणायचे. पहिल्या महायुद्धात ३७८ शत्रूंना टिपल्याचं श्रेय त्याला दिलं जातं. स्नायपरच्या प्रत्येक गोळीचा हिशोब कुठे सरकारी वहीत लिहिलेला नसतो, त्यामुळे आकड्यावर वाद होतात. पण त्या युद्धातला सगळ्यात घातक स्नायपर म्हणून नाव निघतं ते त्याचंच.

पेगी ओजिब्वे जमातीचा. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात जॉर्जियन बे नावाचा प्रचंड मोठा जलाशय आहे, त्याच्या काठावरचं पॅरी आयलंड हे त्याचं गाव. जन्म १८९० च्या आसपासचा. वडील तो लहान असतानाच वारले, आई सोडून गेली. जवळच्याच शावानागा वस्तीतल्या माणसांनी त्याला वाढवलं. मासे कसे धरायचे, जनावराचा माग कसा काढायचा, वारा कुठून वाहतोय ते ओळखून तासन् तास हालचाल न करता कसं बसायचं, हे त्याला तिथेच शिकायला मिळालं. मोठा झाल्यावर तो तिथल्या सरोवरांवर चालणाऱ्या बोटींवर फायरमन म्हणून कामाला लागला.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि काही दिवसांतच पेगी भरतीला जाऊन उभा राहिला. खरं तर आदिवासी तरुणांना सैन्यात घ्यायला कॅनडाचं सरकार तेव्हा उत्सुक नव्हतं. पण सुरुवातीच्या गर्दीत तो भरती झाला. फर्स्ट बटालियनमधून १९१५ च्या फेब्रुवारीत तो फ्रान्सला पोचला आणि त्याच्या हातात आली रॉस रायफल.

आता या रायफलीची गोष्ट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

बोअर युद्धाच्या काळात कॅनडाला ब्रिटिशांची ली-एनफिल्ड रायफल आपल्याच देशात बनवायची होती. म्हणजे आपल्याकडच्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसायची ती थ्री नॉट थ्री, तिच्याच घराण्यातली. पण ती बनवायचं लायसन्स कॅनडाला मिळालं नाही. त्याच वेळी सर चार्ल्स रॉस नावाचा श्रीमंत स्कॉटिश उमराव आपलं डिझाईन घेऊन पुढे आला. कारखाना मी टाकतो, रायफल तुमच्याच देशात बनवतो, अशी त्याची ऑफर होती. सरकारने ती घेतली. क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला आणि कॅनडाला स्वतःची पहिली रायफल मिळाली.

१९०५ मध्ये पहिल्या १ हजार रायफली घोडदळ पोलिसांना देण्यात आल्या. सरावातच अपघात झाला, एका शिपायाचा डोळा गेला आणि पोलिसांनी त्या परत करून टाकल्या. मग डिझाईनमध्ये बदल झाले, नवनवीन मॉडेल आली. पण रायफल काही सरकारने सोडली नाही. सॅम ह्यूज नावाचा नेता तिचा कट्टर समर्थक होता आणि १९११ मध्ये तोच संरक्षण खात्याचा मंत्री झाला.

रॉसची खासियत होती तिचा बोल्ट. ली-एनफिल्डचा बोल्ट आधी वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली दाबायचा. रॉसचा बोल्ट फक्त मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. वेळ वाचायचा. त्यात रायफलीचा नेम एक नंबर. इंग्लंडमधल्या बिझलीच्या प्रसिद्ध नेमबाजी स्पर्धांत रॉसने बक्षिसं मारली होती.

पण स्पर्धेच्या मैदानात चिखल नसतो.

एप्रिल १९१५. बेल्जियममधलं ईप्र. जर्मनांनी पश्चिम आघाडीवर पहिल्यांदाच क्लोरीन वायू सोडला. शेजारची फ्रेंच फळी फुटली आणि ते खिंडार अडवायला कॅनडाची पोरं उभी राहिली. ऐन मोक्याच्या वेळी त्यांच्या रायफली अडकायला लागल्या. रॉसची चेंबर घट्ट होती, गोळ्या ब्रिटिश कारखान्यांतल्या आणि मापाला किंचित जास्त. चार-पाच फैरी झाडून नळी तापली की रिकामं काडतूस बाहेरच येईना. समोरून शत्रू येतोय आणि पोरं बोल्टला बुटाच्या टाचेने लाथा मारतायत, अशी अवस्था. शिवाय रायफल लांबलचक, खंदकात वळवायची म्हणजे डोक्याला ताप. बोल्ट साफ करून चुकीचा बसवला तर तो उलटा तोंडावर येण्याची भीती ती वेगळीच.

त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे ५ हजार कॅनेडियन सैनिकांपैकी १,४०० हून जास्त जणांनी आपली रॉस टाकून दिली आणि मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. शेवटी १९१६ मध्ये कॅनडाच्या सैन्याकडून रॉस काढून घेण्यात आली. त्याच वर्षी सॅम ह्यूजचं मंत्रिपदही गेलं.

पण एका गटाने ही रायफल शेवटपर्यंत सोडायला नकार दिला. ते होते स्नायपर.

कारण सोपं आहे. खंदकातल्या सैनिकाला मिनिटाला पंधरा गोळ्या झाडायच्या असतात. स्नायपर तासाला एखादी झाडतो, कधी दिवसभरात एखादी. त्याची नळी तापत नाही. तो गोळ्या निवडून घेतो, रायफल तळहातावरच्या फोडासारखी जपतो. त्याला हवा असतो तो फक्त नेम, आणि नेमात रॉसचा हात धरणारी दुसरी रायफल शोधावी लागली असती. पेगीसारख्या, लहानपणापासून एका गोळीत शिकार करायची सवय असलेल्या माणसाला ती अगदी फिट्ट बसली.

पण त्याला मेडल मिळाली ती नुसत्या नेमासाठी नाही.

१९१५ च्या लढायांमध्ये गोळीबारातून निरोप पोचवल्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल देण्यात आलं. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत पायाला गोळी लागली, तरी बरा होऊन तो परत आघाडीवर आला. नोव्हेंबर १९१७ मध्ये पॅशनडेलच्या चिखलात मदतीला आलेली तुकडी वाट चुकली, तिला पेगीने बरोबर जागेवर आणून पोचवलं. त्याबद्दल त्याच मेडलवर पहिला बार, म्हणजे तेच मेडल दुसऱ्यांदा. ऑगस्ट १९१८ मध्ये त्याच्या कंपनीच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि शत्रूचा वेढा पडायच्या बेतात होता. पेगी खंदकातून बाहेर पडला, मशीनगनच्या माऱ्यात गेला आणि हल्ला परतवायला पुरतील एवढ्या गोळ्या घेऊन आला. दुसरा बार मिळाला.

मिलिटरी मेडल आणि त्यावर दोन बार मिळवणारे अख्ख्या कॅनेडियन सैन्यात चाळीससुद्धा नव्हते. पहिल्या तुकडीसोबत गेलेला पेगी युद्ध संपेपर्यंत टिकला आणि १९१९ मध्ये घरी परतला.

सिनेमा असता तर इथे संपला असता. खरी लढाई इथे सुरू झाली.

कॅनडात तेव्हा १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट लागू होता. या कायद्याने आदिवासींना सज्ञान नागरिक मानलंच नव्हतं, सरकार त्यांचं पालक होतं. प्रत्येक भागात एक इंडियन एजंट नेमलेला असायचा. जमातीचा पैसा, जमीन, कर्ज, सरकारी पत्रव्यवहार, सगळं त्याच्या सहीवर. तीन वेळा मेडल मिळवणारा पेगी गावी आला तो या एजंटच्या हाताखाली. साधं कर्ज हवं असलं तरी एजंटची मर्जी लागायची आणि ती काही मिळायची नाही.

गंमत बघा. कॅनडात रायफल विकत घेताना देशभर परवाना दाखवावा लागायला लागला तो १९७९ मध्ये. म्हणजे पेगीच्या काळात जवळपास कायम, बंदुकीला परवानगी लागत नव्हती. बाकी सगळ्याला लागत होती.

शिकारीचंही तसंच. १८५० मध्ये झालेल्या रॉबिन्सन-ह्युरॉन करारात तिथल्या जमातींना शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क कायम ठेवला होता. पण ओंटारियो प्रांताने आपले शिकारीचे कायदे केले आणि त्याच जमातींच्या लोकांवर ते लावायला सुरुवात केली. ज्या जंगलात पेगीसारखी पोरं नेम शिकली, तिथे शिकार केली म्हणून त्यांच्यावरच कारवाई होऊ लागली.

पेगी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. १९२१ मध्ये तो पॅरी आयलंडचा प्रमुख म्हणून निवडून आला. मात्र तो काही सगळ्यांचा लाडका नेता नव्हता. मिश्र वंशाच्या लोकांना वस्तीतून बाहेर काढा अशी मागणी त्याने केली आणि गावात दोन तट पडले. १९२४ मध्ये तो परत निवडून आला, पण १९२५ मध्ये त्याला हटवायच्या हालचाली सुरू झाल्यावर पद सोडावं लागलं. ही बाजू झाकून त्याला देव करण्यात अर्थ नाही.

पण जॉर्जियन बेमधली बेटं आमची आहेत, ती परत द्या, ही मागणी त्याने कधीच सोडली नाही. तो सरकारला पत्रामागून पत्रं लिहायचा. १९२७ मध्ये सरकारने जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला आणि वर्गणी गोळा करायला आदिवासींना बंदी घातली. १९३३ मध्ये नवा हुकूम आला, प्रमुखांनी खात्याला थेट लिहायचं नाही, जे काय असेल ते एजंटमार्फत. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हातात तक्रार द्यायची. पेगी तेव्हा गावच्या कौन्सिलमध्ये होता. तरी तो भांडत राहिला आणि एजंट लोकांनी त्याला डोकं फिरलेला ठरवून टाकलं.

दुसऱ्या महायुद्धात त्याने गावाजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पहारेकऱ्याचं काम केलं. १९४० च्या दशकात आदिवासींच्या स्वतंत्र सरकारची मागणी करणाऱ्या एका सुरुवातीच्या संघटनेचा तो सर्वोच्च प्रमुखही झाला. पण पहिल्या युद्धाने त्याची फुफ्फुसं पार खराब करून टाकली होती. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून उतारवयात तो खुर्चीत बसूनच झोपायचा, असं घरचे सांगायचे. ५ ऑगस्ट १९५२ रोजी पॅरी आयलंडवर तो वारला. त्याच्या समाजाला देशाच्या निवडणुकीत सरसकट मतदानाचा हक्क मिळाला १९६० मध्ये, म्हणजे तो गेल्यावर ८ वर्षांनी.

आज कॅनडाच्या बंदूक कायद्यात आदिवासींसाठी वेगळे नियम आहेत. पोट भरण्यासाठी शिकार करणाऱ्यांना लायसन्सची फी माफ आहे. त्यांची शिकार ही परंपरा आहे, हे निदान कागदावर तरी मान्य झालंय.

आणि पेगीचं काय?

२१ जून २०१६ रोजी, कॅनडाच्या आदिवासी दिनाला, पॅरी साउंड गावात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. हातावर गरुड आहे, पायाशी त्याच्या कुळाचं चिन्ह असलेलं कॅरिबू हरण आहे. आणि खांद्याला अडकवलेली आहे तीच रॉस रायफल, जी बाकीच्यांनी ईप्रच्या चिखलात फेकून दिली होती.

पुतळ्याच्या समोर पसरलाय जॉर्जियन बे. ज्या बेटांसाठी तो आयुष्यभर पत्रं लिहीत राहिला, ती बेटं त्याच पाण्यात आहेत.