बाळू पालवणकर : ११४ बळी आणि न लाभलेले कर्णधारपद

१९११ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील या संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. मात्र डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांनी ११४ बळी मिळविले. लिस्टरशायरवरील विजयात तर ११ बळी त्यांचेच होते.

१८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू तरुणपणी पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखत. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी घडली. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना मैदानावर सामावून घेतले. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

विलायतेतील पराक्रमानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभला, तेव्हा बाळूंची कारकीर्द संपली होती. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या संघाला त्यांनी अनेक सामने जिंकून दिले, त्याचे नेतृत्व करणे मात्र राहूनच गेले.